कर्करेषेवरची सून

आमच्या सेमरखेडीवरून कर्करेषा जाते. भोपाळहून विदिशाला जाणाऱ्या रस्त्यावर डांबरावर आडवे पट्टे ओढलेत, कडेला सिमेंटचा फलक उभा केलाय आणि फलकाला लागूनच छिद्दीलाल साहूचं चहा-समोशाचं दुकान आहे. त्याच्या शेजारचं पंक्चरचं दुकान माझं. सांचीचा स्तूप बघायला निघालेली मंडळी इथे गाडी थांबवतात, एक पाय पट्ट्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे ठेवून फोटो काढतात आणि मग चहा पितात. ज्यांचं टायर बसलेलं असतं ते माझ्याकडे येतात. रेषेमुळे टायर बसत नाहीत, त्यामुळे तिचा सगळा फायदा छिद्दीलालला.

छिद्दीलाल चहाबरोबर माहितीही द्यायचा. ती फुकट.

"ही रेषा म्हणजे हिंदुस्थानचा कंबरपट्टा," तो म्हणायचा. "वरती थंड मुलूख, खालती गरम मुलूख. आणि रोज दुपारी बाराच्या ठोक्याला सूर्यनारायण बरोब्बर या पट्ट्यावर येऊन उभा राहतो. रोज!"

गिऱ्हाईक वर बघायचं, डोळे मिचकावायचं आणि आणखी एक समोसा घ्यायचं. कधी कुणी हरकत घेतली नाही.

हरकत घेतली ती त्याच्या सुनेने.

अनसुइयाचा नवरा दुर्गेश हार्वेस्टर चालवतो. पीक जिथे पिकेल तिथे तो जातो, कधी पंजाबात, कधी छत्तीसगडात. घरी पाहुण्यासारखा येतो. एका खेपेला त्याने बायकोसाठी सामान्य ज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक आणलं, कारण तिला पटवारीच्या भरतीची परीक्षा द्यायची होती. पुस्तक देऊन तो निघून गेला. अनसुइया दुकानाच्या मागच्या बाजूला पडद्याआड समोसे भरायची. पुस्तक मैद्याच्या डब्यावर उघडं ठेवायची आणि हात चालू असताना तोंडाने घोकत राहायची.

छिद्दीलाल एक दिवस माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "रज्जाक, सून काहीतरी पुटपुटते रे. माझ्यावर काही करत तर नाही?"

"भाभींना विचार की."

त्याने बायकोला विचारलं. कपूरीबाईने पडद्याला कान लावला आणि येऊन सांगितलं, "गोदावरी म्हणतेय, कृष्णा म्हणतेय, कावेरी म्हणतेय. देवाधर्माचंच काहीतरी आहे. पुटपुटू दे."

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. सासऱ्यापुढे तोंडही उघडं टाकत नाही. काही सांगायचं झालं तर ती सासूला सांगते आणि सासू सासऱ्याला सांगते. सासरा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असला आणि त्याला सगळं ऐकू गेलेलं असलं तरी सासूने सांगेपर्यंत ते त्याने ऐकलेलं नसतं. छिद्दीलालच्या घरात याच रीतीने हळद, तेल आणि दूध संपल्याच्या बातम्या पोचत.

त्या दिवशी इंदूरची एक बस थांबली होती. छिद्दीलाल रंगात आला होता. "रोज बाराच्या ठोक्याला," त्याने सांगितलं, तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

"अम्मा, बाबूजींना सांगा, रोज नाही. वर्षातून एकच दिवस. एकवीस जून."

कपूरीबाई कढईजवळून म्हणाली, "ऐकलंत का, ती म्हणते रोज नाही. एकवीस जून."

छिद्दीलालने मान न वळवता सांगितलं, "तिला सांग, समोसे करपतायत."

"अगं, समोसे करपतायत."

"अम्मा, समोसे मी भरते. तळता तुम्ही."

हे मात्र कपूरीबाईने पुढे पोचवलं नाही. बसमधले लोक हसले. छिद्दीलालने गल्ल्याचा डबा उगाच उघडून बंद केला. बस गेल्यावर तो माझ्याकडे येऊन टायरवर बसला.

"एकवीस जून म्हणे," तो म्हणाला. "मग बाकीचे दिवस कुठे असतो?"

"कोण?"

"सूर्य."

मी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत राहिलो.

पण छिद्दीलाल धंदेवाला माणूस. रोज होणारी गोष्ट बघायला कोण येईल? वर्षातून एकदा होणारी बघायला गाव लोटेल. हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने कपूरीबाईमार्फत पडद्यामागे विचारणा केली, की त्या दिवशी नक्की काय होतं. उत्तर आलं, की सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली पडतच नाही. छिद्दीलालने पुढचं काही विचारलं नाही. तो थेट विदिशाला गेला आणि एक कापडी फलक रंगवून आणला. 'एकवीस जून. दुपारी ठीक बारा. सावली गायब.' खाली चहाचा भाव.

त्या दिवशी खरंच गर्दी झाली. आसपासच्या गावांतून लोक मोटारसायकलींवर आले. पलीकडच्या ढाब्याचा मालक बलराम रघुवंशी खुर्ची घेऊन आला आणि सगळ्यांच्या पुढे बसला. छिद्दीलालने पट्ट्याशेजारी मातीत एक बांबू रोवला. तो सरळ आहे की नाही हे बघायला मी दोरीला पाना बांधून ओळंबा करून दिला. एवढाच माझा हातभार.

बारा वाजले. रेडिओने तसं सांगितलं. सगळे बांबूकडे बघायला लागले. बांबूची सावली वीतभर होती, ठळक, काळीभोर, पश्चिमेकडे पडलेली. ती कुठेही गेली नाही.

"गायब होतेय बघा," छिद्दीलाल म्हणाला.

लोकांनी बघितलं.

"छिद्दी," बलराम खुर्चीवरून म्हणाला, "सावली बहुतेक चहा पिऊन जाणार आहे."

मग काय विचारता! शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "पैसे परत कर!" पैसे कुणी दिलेच नव्हते. छिद्दीलालचा चेहरा उतरला. तो बांबू थोडा इकडे, थोडा तिकडे कलवून बघायला लागला, त्यामुळे लोक आणखी हसले. पडद्यामागून अनसुइया काहीतरी सांगत होती. कपूरीबाई म्हणाली, "ऐकलंत का, ती म्हणतेय..." पण त्या गोंगाटात तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार! तिने दोनदा सांगून बघितलं. छिद्दीलालने तिकडे पाहिलंच नाही. तो बांबू उपटायला वाकला.

तेव्हा पडदा सरकला. अनसुइया बाहेर आली. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, हाताला मैदा. ती चालत बांबूपाशी गेली, तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "बाबूजी, थांबा."

सावलीसाठी आलेले लोक सावली विसरले. लग्न होऊन आल्यापासून तिने त्याच्याशी काढलेला हा पहिला शब्द होता. छिद्दीलाल जिथे होता तिथेच उकिडवा बसला.

"घड्याळ आपलं नाही," ती पदराआडून म्हणाली. "सगळ्या देशाचं घड्याळ मिर्झापूरच्या सूर्यावर लावलंय. आपण मिर्झापूरच्या बरेच पश्चिमेला. तिथे सूर्य माथ्यावर आला की आपल्याकडे यायला अजून वीसेक मिनिटं लागतात. थोडं थांबा. येईल."

छिद्दीलालने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पदरच दिसला.

"मिर्झापूरवाल्यांचा आणि आपला काय संबंध?" त्याने विचारलं. थेट तिला. कपूरीबाई शेजारी झारा घेऊन उभी होती, तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

"संबंध नाही, बाबूजी. देशाला मध्यावर एक जागा लागते."

"बरं," छिद्दीलाल म्हणाला.

लोक थांबले असतेही. पण पूर्वेकडून एक ढग आला आणि सूर्यावर बसला. बांबूची सावली गेली, पण सगळ्यांचीच गेली, त्यामुळे ते काही धरता येईना. बलरामने खुर्ची उचलली. "चला रे, आता ढगाचं घड्याळ कुठलं ते विचारत बसू नका," असं म्हणून तो निघाला. त्याच्यामागून मोटारसायकली सुटल्या. थोड्या वेळात रस्ता मोकळा झाला.

आम्ही चौघं उरलो आणि एक शेळी. ढग जसा आला तसा निघून गेला. लख्ख ऊन पडलं. मी खाली बघितलं. बांबूच्या बुंध्याशी काहीच नव्हतं. नुसती माती. शेळीच्या पोटाखाली तेवढी सावली होती, बाजूला नाही. छिद्दीलालने बांबूभोवती एक फेरी मारली. मग वाकून बुंध्याजवळची माती हाताने साफ केली, जणू सावली मातीखाली गेली असावी. उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "रज्जाक, बघ."

"बघतोय."

मग तो सुनेकडे वळला. म्हणाला, "हात धुवून घे. मैदा लागलाय."

दुसऱ्या दिवशी बलराम आला. "गेली का सावली?"

"गेली."

"कुणी पाहिली?"

"रज्जाकने."

"तो तुझाच चहा पितो," असं म्हणून बलराम गेला.

पण खरा तापदायक पाहुणा संध्याकाळी आला. छिद्दीलालचा मोठा भाऊ परमलाल. तो बाकावर बसला, चहा नको म्हणाला आणि त्यावरूनच आम्हाला प्रकरण कळलं.

"भर रस्त्यात सून सासऱ्याशी बोलली, असं ऐकलं."

"बोलली," छिद्दीलाल म्हणाला. "आणि बरोबर बोलली. सूर्य वीस मिनिटं उशिरा आला."

"मी सूर्याचं विचारत नाहीये."

"मी त्याचंच सांगतोय, दादा."

परमलाल पुष्कळ बोलला. घराण्याचं नाव, चारचौघांतली लाज, वडिलांच्या वेळी असं नव्हतं. छिद्दीलालने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "दादा, हिंदुस्थानात कर्करेषा किती राज्यांतून जाते?" परमलालला माहीत नव्हतं. "आठ," छिद्दीलाल म्हणाला. "मलाही काल कळलं." परमलाल उठून गेला आणि बरेच महिने आला नाही.

रुसली मात्र कपूरीबाई. नवरा आणि सून परस्पर बोलायला लागल्यावर तिला मधे काही कामच उरलं नाही. "बोला, बोला," ती भांडी आपटत म्हणायची. "मी काय, दगड!" अनसुइया मग मुद्दाम एखादी गोष्ट तिच्याकरवी विचारायची. "अम्मा, बाबूजींना विचारा, साखर आणायची का." कपूरीबाई तेवढ्यावर थोडी निवळायची.

आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की छिद्दीलाल पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारायचा आणि अनसुइया समोसे भरता भरता उत्तरं द्यायची. पदर हनुवटीवरून हळूहळू कपाळापर्यंत गेला. कधी गेला ते कुणी बोललं नाही.

"भारताच्या भूसीमेला लागून किती देश?"

"सात."

"श्रीलंका धरून?"

"श्रीलंका नाही धरायची, बाबूजी. मधे समुद्र आहे."

छिद्दीलालने पुस्तक मांडीवर ठेवलं. "मग दादाचं घर आपल्याला लागून धरायचं की नाही? मधे नाला आहे."

"नाल्याचं पुस्तकात नाही."

परीक्षेला तोच तिला भोपाळला घेऊन गेला. केंद्राबाहेर कडुलिंबाखाली दिवसभर बसून राहिला. निकालात नाव नव्हतं. अनसुइया दोन दिवस जेवली नाही. छिद्दीलालला वेगळाच राग आला.

"भूगोल किती आला होता?"

"दोन प्रश्न."

"आणि बाकीचं काय?"

"गणित, कंप्युटर, इंग्रजी."

"एवढा मोठा देश," छिद्दीलाल मला म्हणाला, "आणि दोन प्रश्न! नद्या एवढ्या कशाला ठेवल्यात मग?"

त्यानंतर गणितासाठी त्याने तिला विदिशाला शिकवणी लावली. बसने जायची, बसने यायची. तेवढा वेळ समोसे तो स्वतः भरायचा. फार वाईट भरायचा, तेलात फुटायचे. गिऱ्हाइकं तक्रार करायची, आणि तो रेषेकडे बोट दाखवून म्हणायचा, "इथे असंच होतं."

पुढच्या भरतीत अनसुइयाचं नाव लागलं. नेमणूक मिळाली हरद्याकडच्या एका गावात. दुर्गेशचा फोन आला, तो छत्तीसगडातून ओरडत होता, कारण मशीन चालू होतं. "बाबूजी म्हणतील तसं!" एवढंच ऐकू आलं.

परमलाल तेव्हा मात्र आला. एकटी सून परगावी पाठवणार का, हा त्याचा प्रश्न. प्रश्न खोटा नव्हता. छिद्दीलाललाही त्यापायी झोप नव्हती. तो काही बोलायच्या आत कपूरीबाई आतून आली.

"एकटी कशाला? मी जातेय तिच्याबरोबर."

छिद्दीलालने तिच्याकडे पाहिलं. "आणि मी?"

"तुम्हाला समोसे येतात की आता."

दोघींना सोडायला तो गेला. ट्रंक, स्टोव्ह, पिठाचा डबा. बसमधे तो मोठमोठ्याने सुनेशी बोलत होता, असं नंतर कपूरीबाईने फोनवर माझ्या बायकोला सांगितलं. शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, "मुलगी का तुमची?"

"सून," छिद्दीलाल म्हणाला.

तो माणूस जरा सरकून बसला. त्याला सुनेशी असं बोलणं बरं वाटलं नसावं.

"पटवारी आहे," छिद्दीलालने त्याला सांगितलं आणि खिडकीची काच खाली केली, कारण नर्मदा आली होती. तिघांनी नमस्कार केला. सासूने नाणं टाकलं.

दोन दिवसांनी तो परत आला. मी एका ट्रॅक्टरचं मागचं चाक उघडून बसलो होतो. त्याने दुकानाचं शटर वर केलं, झाडू मारला, स्टोव्ह पेटवला आणि माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"जागा कशी आहे?" मी विचारलं.

"खोली चांगली आहे. पाणी सकाळ-संध्याकाळ येतं. घरमालकीण भांडखोर आहे, पण कपूरी आहे तिथे, तीच तिला सुधारेल." त्याने ट्रॅक्टरच्या चाकाचा एक नट उचलून मला दिला. "पहिल्याच दिवशी दोन म्हातारे शेतकरी आले. शेताची हद्द मोजून हवी होती. ती ओट्यावर बसून त्यांच्याशी बोलली. डोक्यावर पदर होता, तोंड उघडं होतं. ते तिला मॅडम म्हणत होते."

"बरं झालं."

"हं," तो म्हणाला. मग त्याने गमछ्याने तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं आणि मैदा मळायला आत गेला.