बुलेटिनबाईंचा वर्ग

आजारपणानंतर त्याची मराठी गेली आणि फ्रेंच तेवढी राहिली.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता. डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर, एक डाग. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते; ते हळूहळू थोडेफार हलायला लागतील, बोलण्याचं मात्र काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. बरेच दिवस तो गप्पच होता. मग एका सकाळी बायको त्याची दाढी करत असताना तो बोलायला लागला. सलग, स्वच्छ, कुठेही न अडखळता. फक्त त्यातलं एक अक्षरही तिला कळेना.

नोकरीभर त्याने एका बातमीसंस्थेत फ्रेंच रेडिओ ऐकला होता. कानाला हेडफोन लावायचे, बातमीपत्र यंत्रावर घ्यायचं आणि त्याचं मराठी करून पुढे द्यायचं, हे त्याचं काम. ती शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती, अजूनही होती. घरात फ्रेंचचं वेड एकाला पुरे, असं तिने लग्नानंतर लगेच जाहीर केलं होतं, आणि त्यानेही कधी आग्रह धरला नाही. तो सकाळी दाढी करताना फ्रेंच गाणी म्हणायचा. एक गाणं ठरलेलं होतं. त्याचं मधलं कडवं त्याला येत नसे. तेवढं तो शिट्टीवर काढायचा आणि पुन्हा शब्दांवर यायचा. डबा भरता भरता ती विचारायची, "अहो, अर्थ काय याचा?"

"अगं, अर्थ सांगितला की तू गाणं बाटलीत भरून तपासायला नेशील. ऐक की नुसतं."

तर आता ते "अगं" गेलं होतं. बाकी हजार शब्द गेले त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. तो तसाही मितभाषी. पण दिवसातून दहादा येणारं ते "अगं" गेल्यावर आपण घरात आहोत की नाही, याचीच तिला खात्री वाटेना.

नणंद भेटायला आली. भावासमोर बसून तिने त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, हा जन्मभर माझ्याशी मराठीत भांडला. आता भांडतोय की लाड करतोय, तेवढं तरी कळायला हवं ना गं मला."

"मलाही," ती म्हणाली.

वाचा सुधारण्यासाठी येणारी मुलगी खूश होती. "काकू, काकांची वाक्यं पूर्ण होतायत. चढउतार आहेत, थांबायच्या जागा बरोबर आहेत. फ्रेंच मला येत नाही, तुम्ही कुणा येणाऱ्याला ऐकवा की."

ते तिने केलं नाही. कारण तो बोलायचा तो असा: तिच्या डोळ्यांत बघून, डावा हात तिच्या मनगटावर ठेवून. प्रत्येक वाक्यानंतर मनगट किंचित दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा आणि पुढे बोलायचा. एवढ्या संसारात तो तिच्याशी इतकं आणि इतक्या जवळून कधी बोलला नव्हता. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस बायकोला जे सांगतो ते परक्याच्या कानात ओतायचं, हे तिच्या मनाला पटेना. जे काही आहे ते माझं आहे, मीच ऐकेन, असं तिने ठरवलं.

मुलगा रजेवर आला तेव्हा त्याने वडिलांसमोर फोन धरला. फोन ऐकून भाषांतर करतो म्हणे. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली: *बंदरातील कामगारांचा संप तिसऱ्या दिवशीही सुरूच. धान्याच्या बोटी अडकून.*

मुलाला हसू आवरेना. "आई, बाबा संपावर गेलेत."

"पुन्हा कर."

*मंत्रिमंडळातील मतभेद चव्हाट्यावर*, असं आलं. मग काही पुराबद्दल.

"जीभ जड आहे त्यांची, यंत्राला आवाज कळत नाही," ती म्हणाली. "ठेव तो फोन."

मुलगा परत गेला, आणि तिने फ्रेंचचा वर्ग शोधला.

वर्ग पडद्यांच्या दुकानाच्या वर होता. शिकवणाऱ्या बाई ताठ कण्याच्या, चष्मा साखळीला लावणाऱ्या, आणि बाजारातून ताजी भाजी आणावी तशा त्या रोज ताजी बातमी आणत. त्यांची पद्धत एकच: चालू घडामोडींतून भाषा. एक आठवडा महागाई, एक आठवडा संप, एक आठवडा पूर. विद्यार्थी त्यांना पाठीमागे बुलेटिनबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"तुम्हाला कशासाठी शिकायचंय?" बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"घरी बोलायला."

"अहो, मग इथे कशाला आलात? घरात बातम्या कोण बोलतं? शनिवारी संभाषणाचा वर्ग असतो. नमस्कार-चमत्कार, चहापाणी, दुखणं-खुपणं. तिथे जा."

शनिवारी त्याच्याजवळ बसायला माणूस मिळत नसे. ती बातम्यांच्याच वर्गात राहिली. शेजारच्या बाकावर परदेशी शिकायला निघालेली एक मुलगी बसायची. ती एकदा म्हणाली, "काकू, आपल्याला मंत्र्याचा राजीनामा मागता येतो, पण पाण्याचा ग्लास मागता येत नाही."

"तहान लागली तर सरकार पाडायचं," ती म्हणाली, आणि मुलगी इतकी हसली की बाईंनी दोघींना उभं केलं.

तासाच्या शेवटी बाई एक गाणं लावत. ते मात्र ताजं नसे. शब्द फळ्यावर लिहायचे, डोळे मिटून ऐकायचं, मग अर्थ. तिला या गाण्यांचं नवल वाटायचं. बातमीतला शब्द बाटलीवरच्या लेबलासारखा असतो, जेवढं लिहिलंय तेवढंच सांगतो. गाण्यातला शब्द पाण्यात विरघळलेल्या मिठासारखा. दिसत नाही, गाळून वेगळा काढता येत नाही, पण जीभ फसत नाही.

आणि एका संध्याकाळी बाईंनी त्याचंच गाणं लावलं. दाढीचं गाणं. पहिल्या सुरालाच तिच्या हातातली पेन्सिल थांबली. चाल इतकी हलकी होती की ते सकाळचं, कामाला निघतानाचं गाणं असणार असंच तिने धरलं होतं. अर्थ निघाला तो असा: एक माणूस नदीच्या धक्क्यावर उभा आहे. शेवटची होडी गेली आहे. पलीकडच्या काठावरचे दिवे तो मोजतो, आणि एकेक दिवा मालवत जातो. ज्या कडव्यावर नवरा शिट्टी वाजवायचा त्यात होडीत बसून गेलेली बाई होती. ती हाक मारते, पण वारा उलटा आहे.

इतकी वर्षं या गाण्यावर आपण डबा भरला, असं तिच्या मनात आलं. बाकीचं तिने घरी जाईपर्यंत मनात येऊ दिलं नाही. ते कडवं तिने पाठ केलं.

गढूळ पाणी भांड्यात स्थिर ठेवलं की जड कण आधी तळाला बसतात. तसंच झालं. त्याच्या बोलण्यातले जड शब्द आधी खाली उतरले. बंदर. संप. कामगार. ती आनंदाने शहारली. कळतंय. कदाचित तो कामाच्या दिवसांबद्दल सांगतोय, ज्यांबद्दल त्याने कधी फारसं सांगितलं नव्हतं. ती रोज त्याच्यासमोर बसायची, मनगट पुढे करायची. आणखी शब्द उतरले. मग मधले बारीक शब्दही उतरले आणि एके दिवशी पाणी नितळ झालं.

*बंदरातील कामगारांचा संप तिसऱ्या दिवशीही सुरूच. धान्याच्या बोटी अडकून.*

तो संप तिला आठवत होता. मुलगा तेव्हा रांगत होता, आणि हा घरी उशिरा येऊन म्हणायचा, आजही बोटी सुटल्या नाहीत.

प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलांना ती पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगायची: आकडा आवडला नाही म्हणून यंत्राला दोष द्यायचा नाही. यंत्र बिघडलंय हे सगळ्यात शेवटी म्हणायचं. मुलं तिच्या मागे तिची नक्कल करत. घरी यंत्राने पहिल्याच वेळी बरोबर आकडा दिला होता, आणि तिने तो फेकून दिला होता.

तरी तिने लगेच मानलं नाही. तिने त्याला फ्रेंचमध्ये विचारलं, "तुम्हाला तहान लागली आहे का?" हे वाक्य तिने शनिवारच्या वर्गातल्या एकीकडून मुद्दाम शिकून घेतलं होतं. तो थांबला. मोठ्या सभ्यपणाने तिचं बोलणं संपू दिलं, मनगट दाबलं आणि म्हणाला, सरकारने चर्चेची तयारी दाखवली आहे.

"मी कोण आहे?"

त्याने मनगट दाबलं. उत्तरेकडे जोरदार वाऱ्यांची शक्यता.

पाणी तपासताना नमुन्याबरोबर आणखी एक बाटली लावतात. तिच्यात काहीच नसतं, नुसतं शुद्ध पाणी. तिला ब्लँक म्हणतात. नमुन्यात दिसलं तेच ब्लँकमध्येही दिसलं, तर नमुन्यात काही नव्हतं असं समजायचं. हे तिने हजारदा केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने आपली खुर्ची रोजच्या जागी, त्याच्यासमोर ठेवली, तिच्यावर बसली नाही, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

थोडा वेळ काही नाही. मग तो बोलायला लागला. खुर्चीकडे बघत, तितक्याच मायेने. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर. वाक्य झालं की दांडा दाबायचा, थांबायचा, पुन्हा दाबायचा आणि पुढे.

त्या दाबण्याकडे बघताना तिला त्याचं ऑफिस आठवलं. लग्नाच्या सुरुवातीला तो घराची किल्ली विसरला म्हणून ती एकदाच तिथे गेली होती. काचेपलीकडे तो हेडफोन लावून बसला होता. डावं बोट यंत्राच्या बटणावर. दाबलं, बातमी थांबली, उजव्या हाताने लिहून घेतलं. दाबलं, बातमी पुढे. काचेवर टकटक केली तर त्याने वर बघून गोड हसून दाखवलं होतं, आणि बटण दाबलं होतं.

ती दारातून हलली नाही. त्याचं बातमीपत्र संपेपर्यंत उभी राहिली. मग भांडी घासायला घेतली, आणि घासलेलीच पुन्हा घासली.

रविवारी नणंद आली. भावाच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "काय म्हणतो गं दादा? आता तर तुला सगळं कळतं म्हणे. तुझा मुलगा सांगत होता, आई वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे."

तो बोलतच होता. पुरामुळे रेल्वे वाहतूक विस्कळीत.

"वहिनी? सांग ना."

ती चहा गाळत होती. गाळून झाल्यावर म्हणाली, "विचारतायत, छकुली जेवली का."

भावाची ही छकुली आता पन्नाशी ओलांडलेली बाई होती. तिने तोंड खिडकीकडे केलं आणि कितीतरी वेळ तसंच ठेवलं. मग भावाला म्हणाली, "जेवले रे. पोटभर जेवले."

त्याने तिचं मनगट दाबलं.

नसलेला आकडा लिहून देण्याची ती पहिलीच वेळ. ते तिला अगदी सहज जमलं. तेच जास्त वाईट होतं.

वर्ग तिने सोडला नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. पैसे भरले होते म्हणून, असं तिने मुलाला सांगितलं. परीक्षेनंतर बुलेटिनबाईंनी तिला थांबवून घेतलं.

"पहिल्या आलात. आता घरी बोलणं होतं ना?"

"रोज होतं."

"काय बोलता?"

"बातम्या."

बाई खळखळून हसल्या. "बघा! आणि मी तुम्हाला शनिवारच्या वर्गात पाठवत होते."

घरी येऊन ती त्याला वर्गातलं ताजं बातमीपत्र वाचून दाखवायची. तो ऐकायचा. बोट मनगटावर. दाबलं की ती थांबायची, आणि त्या वेळात पांघरुणावर पडलेल्या त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं पेन धरल्यासारखी जरा हलायची. पुन्हा दाबलं की ती पुढे वाचायची. वाचा सुधारणारी मुलगी म्हणाली की काका हल्ली जास्त शांत वाटतात. ते खरं होतं.

एका सकाळी दाढी करताना त्याने पुन्हा ते गाणं धरलं. आवाज फाटला होता, सूर मात्र होता तिथेच. धक्का, शेवटची होडी, पलीकडचे दिवे. ती ब्रशने साबण लावत राहिली. मधलं कडवं आलं तेव्हा ओठ एका बाजूला गेले, शिट्टी नीट निघेना, नुसती हवा निघाली. ते कडवं तिला येत होतं. तिने म्हटलं. होडीतली बाई, तिची हाक, उलटा वारा. तिचा आवाज गाण्याचा नव्हता, पण शब्द सगळे बरोबर होते.

तो थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं. रोजच्या बघण्यापेक्षा ते वेगळं होतं की नव्हतं, हे तिला ठरवता येईना. ताडून बघायला दुसरं काहीच हाताशी नव्हतं. मग त्याने डावा हात उचलला, तिच्या मनगटावर ठेवला आणि दाबलं.

ती थांबली. कडवं अर्ध्यावर होतं. तो पुन्हा दाबेल म्हणून ती वाट बघत राहिली, ब्रश हवेत धरून, आणि त्याच्या गालावरचा साबण कडेकडेने वाळत गेला.