घरची अंडी

मालसूनच्या धाकट्या बहिणीचं घरी जाणं काचेच्या नळ्यांवर अडलं होतं. नळीत अंडी आणि हिरवा रंग घोटून, वाफेवर थिजवलेलं जंतूंचं खाद्य असायचं. त्यावर रोग्याचा बेडका पेरायचा. क्षयाचे जंतू जिवंत असले तर काही आठवड्यांनी पिवळे खरबरीत दाणे उगवत. बुन्नामच्या नळीत ते दर खेपेला उगवत, आणि मासानच्या किनाऱ्यावरच्या त्या इस्पितळात खाद्य करायची मालसूनच.

"ताई, या खेपेला तरी उपाशी मार की गं त्यांना," बुन्नाम वॉर्डच्या खिडकीतून ओरडायची. "पोराचा पहिला वाढदिवस आलाय. मला ओळखायचासुद्धा नाही तो."

प्रयोगशाळेचे मुख्य मेंग साहेब म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. एक दिवस ते मालसूनवर खेकसले, "बाजारची अंडी बंद! हल्ली कोंबड्यांना जंतू मारायची औषधं चारतात, ती अंड्यात उतरतात. मग नळीत काय, माझं कपाळ उगवणार? तुझ्या आईच्या कोंबड्या खातात का औषध?"

"छे हो साहेब. किडे नि कोंडा खातात."

मग आईची अंडी येऊ लागली. सरकारी इस्पितळ माझ्या कोंबड्यांवर चालतं, असं म्हातारी गावभर सांगत सुटली.

खाद्याचा नवा घाणा झाला की एका नळीत मुद्दाम जिवंत जंतू पेरून बघायचे, असा नियम होता. ते उगवले तर घाणा चांगला. पण आपल्या घरच्या अंड्यांची कसली परीक्षा घ्यायची? मालसूनची मती फिरली ती इथं.

नळ्या स्वच्छ निघाल्या. बुन्नाम नाचतच घरी गेली. वाढदिवसाला रिवाजाप्रमाणे पुढं मांडलेल्या वस्तूंतून पोरानं दोऱ्याची गुंडी उचलली. दीर्घायुषी होणार म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गावातल्या आया करतात तसा बुन्नामनं भात चावून मऊ केला आणि त्याला भरवला.

पुढे वॉर्डातला एक म्हातारा रक्त ओकू लागला. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर जंतू बुजबुजलेले आणि त्याची नळी मात्र हिरवीगार, कोरी.

"परीक्षेची नळी दाखव," मेंग साहेब म्हणाले.

"ती पेरलीच नव्हती, साहेब," मालसून म्हणाली. साहेबांनी स्वतः जंतू पेरले. काही उगवलं नाही. मालसून धावत गाव गाठायला निघाली.

"पटापट मरायला लागल्या होत्या गं," आई म्हणाली. "पाण्यात औषध घातलं. तुला सांगितलं असतं तर अंडी नेली असतीस? साहेबापुढं तुझं नाक कापलं गेलं असतं."

आत बुन्नाम पोराला मांडीवर घेऊन बसली होती. त्याची मान ताठली होती, अंग फणफणलं होतं.

"दात येतायत त्याला, ताई," ती खोकत म्हणाली.

क्षय मेंदूपर्यंत पोचला का ते बघायला पोराच्या पाठीच्या कण्यातलं पाणी मालसूनच्याच टेबलावर आलं. डोंगरापलीकडून आणलेली बिनऔषधाची अंडी मेंग साहेबांनी तिच्यापुढं ठेवली.

"साहेब, दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना."

"का? तुझ्या घरचंच आहे ना? फोड अंडी."

तिनं फोडली. नळीत काही दिसायच्या आतच पोराला टेकडीवर पुरून आले. लहान मूल म्हणून वर मातीचा उंचवटाही केला नाही.

मग दाणे उगवले, पिवळे आणि दाट. मेंग साहेबांनी नळी उजेडात धरली.

"वा! याला म्हणतात खाद्य."

इतक्या वर्षांत त्यांनी तिचं पहिल्यांदाच कौतुक केलं. मालसूननं नळी घेतली, मांडणीत ठेवली, आणि पुन्हा भरती झालेल्या बुन्नामचा बेडका पेरायला घेतला.