भोंग्याला तहान लागली त्या दिवशी

मित्रांनो, जरा थांबा, पळू नका! एवढं ऐकून जा, मग खुशाल खेळा. मी भोंगा. केळीच्या लोटगाडीवर बांधलेला, लाल तोंडाचा, दोरीनं आणि थोड्या तारेनं कसाबसा सांभाळलेला. जुना आहे, पण आवाज ऐकलात तर म्हणाल, अरे बाप रे!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. आठवतं ते धुळ्यातलं आग्रा रोडवरचं दुकान. तिथं आम्ही सगळे भोंगे वर टांगलेले, सगळे रिकाम्या पोटाचे. म्हणजे बघा, आमच्यात आपलं असं बोलणं नसतंच. लाल बटण दाबून कुणी आमच्या पोटात वाक्य भरलं, की तेच आम्ही दिवसभर बोलणार. मला घेतलं नवलभाऊनं. देवपूरच्या कॉलन्यांमध्ये तो गाडी लोटत केळी विकतो.

घरी आल्या आल्या त्यानं बटण दाबलं आणि छाती फुगवून ओरडला, "आली आली, केळीची गाडी आली! ताई बाहेर या, दादा बाहेर या! सावद्याची केळी, गोड केळी! या लवकर, संपत आला माल!"

पण मधेच दारातला कुत्रा भुंकला ना! "दादा बाहेर या"च्या पाठोपाठ "भू!" आणि शेवटी त्याच्या बायकोच्या, दिपमालावहिनीच्या, कुकरची शिट्टी. नवलभाऊ म्हणाला, "जाऊ दे, चालतंय." झालं! माझ्या पोटात कुत्रा आणि कुकर दोन्ही कायमचे गेले. कॉलनीतली पोरं मला भूवाला भोंगा म्हणायची. मला तर फार भारी वाटायचं!

आणि सगळ्यात जास्त कुणाला आवडायचो माहितीये? पुनमला. नवलभाऊची मुलगी, सात वर्षांची. संध्याकाळी गाडी अंगणात लागली की ती पळत यायची, माझ्या तोंडाला गाल लावून बसायची आणि आवाजानं मी थरथरलो की हात फडफडवत गोल गोल फिरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुनमला ऑटिझम आहे. पुनम बोलायची, पण माझंच बोलायची. सगळं माझ्यासारखं, माझ्याच सुरात. मधलं "भू" सुद्धा! शेवटची शिट्टी सुद्धा, ओठांचा चंबू करून, "शूऽऽऽ!"

बाबा घरी आले की "आली आली!" पाहुण्यांनी घर भरलं, सगळे एकदम बोलायला लागले की कानांवर हात ठेवून "संपत आला माल!" आणि तहान लागली की माठापुढं उभं राहून, एकदम गंभीरपणे, "ताई बाहेर या, दादा बाहेर या!"

मला तर सगळं कळायचं हो. मी स्वतः दुसऱ्याच्या वाक्यांवर जगणारा ना! पण मी सांगणार कसं? माझ्या पोटात केळीच होती.

पुनमला एक आत्या होती, कुंदाबाई. नवलभाऊची मोठी बहीण. शेजारच्याच गल्लीत राहायची आणि दिवसातून चार फेऱ्या मारायची. जीव लावायची पोरीला, पण फार काळजी करायची. म्हणायची, "पोपट शे का आपली पोर? शाळामा लोके हसतीन तिले!" तिनंच कुठूनसा एक क्लास शोधून काढला. तिथले सर म्हणाले, हे पोपटासारखं बोलणं आधी बंद करा. तो भोंगा तिच्या नजरेआड करा. ती डोळ्यांत बघून पूर्ण वाक्य बोलली तरच वस्तू द्या, नाहीतर नाही.

मग काय, मला गोणपाटात गुंडाळून गाडीखाली ठेवायला लागले. गाडी अंगणात दाराशीच असायची, त्यामुळं दिसत नसलं तरी ऐकू सगळं यायचं. पुनम माठापाशी जाऊन "ताई बाहेर या" म्हणायची आणि कुंदाबाई पेला धरून बसायची.

"नीट बोल, मंग पानी."

"ताई बाहेर या!"

"मला पाणी पाहिजे. म्हन ना माय, म्हन!"

पुनम नुसती रडायची. शेवटी दिपमालावहिनीला राहवायचं नाही, ती पाणी द्यायची आणि दोघींचं वाजायचं. असे काही दिवस गेले आणि मग, मित्रांनो, पुनमनं बोलणंच टाकलं. नवलभाऊ घरी आला तरी "आली आली" नाही. भू नाही. शिट्टी नाही. तहान लागली की गुपचूप शेजारच्या नळाला तोंड लावायची. मी गोणपाटात वाट बघत बसायचो, आता बोलेल, आता बोलेल. छे!

नवलभाऊ घाबरला. सर म्हणाले, "बरोबर वाक्य तिला सारखं ऐकवत राहा." आणि एका संध्याकाळी त्यानं गोणपाट काढलं. मला काय आनंद झाला! पण त्यानं लाल बटण दाबलं आणि माझ्या पोटातली गाडी, ताई, दादा, कुत्रा, कुकर, सगळं पुसून टाकलं! नवीन काय भरलं? "मला पाणी पाहिजे." बस. एवढंच. पुनमसमोर ठेवून मला वाजवलं. तिनं कान झाकले आणि सरळ पलंगाखाली जाऊन बसली. मला इतकी लाज वाटली ना!

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी घाईघाईत नवलभाऊनं मला गाडीवर बांधलं. आदल्या संध्याकाळचं पार विसरून गेला! कॉलनीत पोचला, आवाज पूर्ण वाढवला, वाजवायचं बटण दाबलं आणि मी जो सुटलो,

"मला पाणी पाहिजे! मला पाणी पाहिजे! मला पाणी पाहिजे!"

नवलभाऊ दचकला. बंद करायला गेला तर बटण दबेना! केळीचा चीक असतो ना, काळा, चिकट, तो लागून लागून माझं बटण घट्ट बसलेलं. तो नखानं उचकटतोय आणि मी आपला गल्लीभर पाणी मागतोय!

दारं उघडायला लागली. प्रमिलाकाकू तांब्याभांडं घेऊन धावत आल्या, "अहो नवलभाऊ, काय झालं? चक्कर आली का? बसा, बसा आधी!" वरच्या मजल्यावरून कुणीतरी टोपलीत बाटली ठेवून दोरीनं खाली सोडली. एक पोरगा वॉटरबॅग घेऊन आला. समोरून लसूण विकणारा अभिमन येत होता, तो तर पोट धरून हसायला लागला, "अरे नवल, तुना भोंगाले भलती तहान लागनी रे! दे त्याले बादलीभर!"

सगळी गल्ली हसली. मी पण हसलो असतो, पण मला तेवढंच एक वाक्य येत होतं!

शेवटी बटण सुटलं. मी गप्प झालो. नवलभाऊ हातातला तांब्या बघत होता आणि हसता हसता त्याचा चेहराच बदलला.

"काकू," तो म्हणाला, "या डब्याला तहान नाही, काही नाही. त्यानं म्हटलं तर तुम्ही सगळे पाणी घेऊन धावलात. आणि माझी पोरगी माठापाशी उभी राहून मागते, तर आम्ही..." त्यानं तांब्या गाडीवर ठेवला.

टोपली सोडणारी ताई तोवर खाली आली होती. मोहिनी तिचं नाव. प्रमिलाकाकूंकडे वर भाड्यानं राहते आणि मुलांच्या बोलण्याचंच काम करते, स्पीच थेरपिस्ट. तिनं विचारलं, "काय म्हणते तुमची मुलगी?"

"काही नाही हो मॅडम. आता तर काहीच नाही. आधी माझ्या भोंग्याचं बोलायची, तेवढंच."

"कुठलं वाक्य, कधी म्हणायची? आठवतंय?"

"हां, म्हणजे... पाहुणे फार झाले की संपत आला माल. मी घरी आलो की आली आली. आणि माठापाशी..." नवलभाऊ थांबला. "माठापाशी म्हणायची, ताई बाहेर या." मग हळूच म्हणाला, "पाण्याला बोलवायची का हो ती?"

मोहिनीताई हसली. "नवलभाऊ, ती बोलतच होती. काही मुलं अशी आख्खी वाक्यं उचलतात. वाक्य तुमचं, पण म्हणणं तिचं. पुढं कधी त्याचे तुकडे करेल, कधी नवीन जोडेल, किंवा बोटानं दाखवेल, चित्र दाखवेल. ते सगळं बोलणंच. पण बोललं की कुणीतरी ऐकतं, हे आधी तिला पुन्हा पटायला पाहिजे."

"आणि नाही पटलं तर?"

"वेळ लागेल. आपण थांबू. पाणी मात्र आजपासून अडवायचं नाही."

संध्याकाळी मोहिनीताई घरी आली. पुनम पलंगाखालीच होती. ताईनं तिला बाहेर ओढलं नाही, इकडे बघ म्हटलं नाही, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. पलंगाजवळ जमिनीवर बसली फक्त. बाजूला पाण्याचा पेला ठेवला. जरा वेळानं एक हात बाहेर आला आणि पेला आत गेला. कुणी शाब्बास वगैरे पण म्हटलं नाही!

मग नवलभाऊनं मला मांडीवर घेतलं. "मॅडम, मी तिचं वाक्य परत भरतो." दिपमालावहिनी म्हणाली, "अहो, मग शिट्टी पण पाहिजे ना! थांबा, कुकर लावते." बघा म्हणजे! रेकॉर्डिंगसाठी मुद्दाम डाळ शिजायला टाकली! पण कुत्रा? तो दारात पाय पसरून झोपलेला. नवलभाऊनं हाक मारली, वहिनीनं भाकरी दाखवली. त्यानं एक डोळा उघडला, भाकरी खाल्ली, परत झोपला!

कुंदाबाई उंबऱ्यावर तोंड फिरवून बसली होती. सकाळचं सगळं तिला सांगितलं होतं, पण तिची समजूत पटली नव्हती. "आमी काय पोरीना वाईटसाठी करत व्हतूत का?" एवढंच म्हणत होती.

कुकर फुसफुसायला लागला. नवलभाऊनं बटण दाबलं. "आली आली, केळीची गाडी आली! ताई बाहेर या, दादा बाहेर या!"

आणि तिथं अडला. कुत्रा घोरतोय. पलंगाखाली अगदी शांत. सगळे एकमेकांकडे बघतायत.

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"भू!"

कुंदाबाई! पदर तोंडाला लावलेला, डोळे भरलेले, आणि परत एकदा, जरा मोठ्यानं, "भू! भू!"

अहो, वहिनीच्या हातातला चमचा पडला! नवलभाऊ पुढचं बोलायचंच विसरला. आणि ते पुढचं, मित्रांनो, पलंगाखालून आलं. बारीक, घोगरं, पण माझ्याच सुरात, "सावद्याची केळी, गोड केळी! या लवकर, संपत आला माल!" कुकरच्या आधीच, "शूऽऽऽ!"

माझ्या पोटात आता ते सगळं आहे. अर्धं बापाचं, थोडं आत्याचं, उरलेलं पुनमचं. रोज कॉलनीत वाजतं. लोक विचारतात, हा नवीन कुत्रा कुठला? नवलभाऊ म्हणतो, "आमच्या घरचाच आहे." कुंदाबाईला कळलं तर काही खरं नाही!

सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही हं. पुनमनं रोज बोलायला बरेच महिने घेतले. अजूनही काही दिवस ती बोलतच नाही. तेव्हा मोहिनीताईनं दिलेल्या चित्रांवर बोट ठेवते. त्यात मोठ्ठं "नको" पण आहे. आणि तिनं नको दाखवलं की घरात नकोच! हात फडफडवते, गोल फिरते, कुणी थांबवत नाही. बोलताना भिंतीकडे बघते. बघू दे की! मी पण भिंतीकडे तोंड करून वाजतोच ना?

आता मागच्या रविवारची गोष्ट. शेतात भरीत पार्टी होती. सगळे भाऊबंद जमलेले. काड्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, धूर, ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकरी, पोरांचा दंगा, गाणी. मी केळीच्या घडाबरोबर तिथंच होतो. पुनम आधी मजेत होती. मग एकदम कान झाकून उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या बाहेर या! संपत आला माल!"

ऐकलंत? आत्या! माझ्या वाक्यात "आत्या" हा शब्द नाहीच मुळी! हे तिनं स्वतः जोडलं!

एक काका हसले, "काय विकी राहिनी वं पोर?" कुंदाबाईनं हातातली भाकरी खाली ठेवली. "काही विकत नही ती. दमनी ती, अन माले बलाई राहिनी. वाट द्या रे बठ्ठा!" पुनम गर्दीतून बाहेर पडली आणि कुंदाबाई सगळ्यांना बाजूला सारत तिच्या मागं निघाली. लांब बांधावर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. पुनम मातीत रेघा ओढत होती, कुंदाबाई वाऱ्याला तोंड करून बसली होती. भरीत गार झालं. कुणी हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं पुनम उठली, आत्याचं बोट धरलं आणि स्वतःच जेवायला आली.

तर मित्रांनो, तुमच्या वर्गात, गल्लीत कुणी एकच वाक्य परत परत म्हणत असेल, जाहिरातीतलं, गाडीतलं, कार्टूनमधलं, तर त्याला पोपट म्हणू नका. हे वाक्य त्यानं कुठं ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं, आता काय चाललंय, एवढं जरा शोधा. कोडं सोडवण्यासारखी मजा येते, खरंच सांगतो! आणि कुणी काहीच बोलत नसेल, तर त्याच्या शेजारी बसा. घाई करू नका. पाणी मात्र आधी द्या.