सूर्य चढता आहे तोवर

मित्रांनो, अंतानानारिव्हो शहरात दुधावरच्या साईच्या रंगाच्या टॅक्सी धावतात. त्यांतली सर्वांत म्हातारी कोण, असे कुणालाही विचारा. लोक हसतील आणि माझ्याकडे बोट दाखवतील. मला त्याचा राग येत नाही, म्हातारी आहेच मी. माझा एक दरवाजा दुसऱ्याच गाडीचा आहे. टाकी गंजून गेल्यापासून माझे पेट्रोल माझ्या मालकाच्या, राझाफीच्या पायाशी एका प्लॅस्टिकच्या डब्यात असते. तरी मी रोज कामावर जाते.

माझा जन्म दूर फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. जहाजातून मादागास्करच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा माझा रंग निळा होता. पहिली वीस वर्षे मी एका डॉक्टरांच्या घरी काढली. त्यांची मुले रविवारी मला न्हाऊ घालत आणि माझ्या काचेत बघून केस विंचरत. पुढे डॉक्टर थकले, मुले परदेशी गेली आणि मी अंगणात पडून राहिले. कोंबड्या माझ्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. त्या दिवसांबद्दल मी फारसे बोलत नाही. मग एकदा राझाफी आला. त्याने कोंबड्यांना हुसकावले, मला साईचा रंग दिला आणि माझी टॅक्सी केली.

आमचे शहर सगळे टेकड्यांचे. उतार लागला की राझाफी इंजिन बंद करतो आणि मी नुसती घरंगळत जाते. इथले सगळे जुने टॅक्सीवाले असेच करतात. त्यामुळे डब्यात पेट्रोलही बेताचेच असते, गिऱ्हाईकाच्या वाटेत जितके चढ असतील तितके.

राझाफी माणूस लाखमोलाचा, पण त्याला बोलायचा भारी सोस. आमच्याकडे मुलीला मागणी घालायला मुलाकडचा एखादा चांगला बोलणारा माणूस पुढे होतो. भाषणाची सुरुवात माफीने करायची असते: थोरांची माफी, शेजाऱ्यांची माफी, आकाशाची आणि मातीची माफी. राझाफीची माफीच अर्धा तास चाले. आणि शुभ काम करायचे ते सूर्य चढता असताना. एकदा का तो घराच्या आढ्यावर आला, की त्या दिवशी मागणी घालायची नाही.

राझाफीचा पुतण्या मिहाजा. त्याच्यासाठी हाइंगु नावाच्या मुलीला मागणी घालायला मंडळी एकदा गेली होती. राझाफी माफी मागत राहिला आणि मातीपर्यंत पोचतो तोच सूर्य आढ्यावर आला! सगळे हात हलवत परतले. मुलीचे आजोबा रालाई मोठे करड्या शिस्तीचे. त्यांनी निरोप धाडला, "आणखी एकदा या. त्यानंतर दार उघडणार नाही." बिचारा मिहाजा महिनाभर धड जेवला नाही.

दुसऱ्या मागणीचा दिवस उजाडला. राझाफीची बायको बाकुली पांढरी शाल पांघरून मंडळींबरोबर पुढे निघाली होती.

"आज टॅक्सी काढू नका," तिने बजावले.

"अगं, एकच फेरी. नवाच्या आत परत."

"तुमचे नऊ किती वाजता वाजतात, ते मला ठाऊक आहे. आणि त्या माफीला जरा आवर घाला. पोराचं लग्न आहे, तुमचा सत्कार नाही!"

हॉटेलच्या दारात ओदीलबाई उभ्या होत्या. बेल्जियमच्या, निवृत्त शिक्षिका, वय सत्तर. आमची राजधानी बघायला त्या एकट्याच आल्या होत्या. हातात यादी, यादीत अकरा ठिकाणे. राझाफीला नाही म्हणवेना. शहराचे कौतुक करायला कुणी आले की तो विरघळतो.

वाटेत त्याने भाषणाची उजळणी सुरू केली. ओदीलबाईंनी वही काढली आणि मान डोलावत लिहून घेऊ लागल्या.

"हे त्या चर्चबद्दल सांगताय ना?"

"नाही मादाम, मी माफी मागतोय."

"कशाबद्दल?"

"अजून काही केलेलं नाही. आधीच मागून ठेवायची असते."

ओदीलबाईंनी तेही लिहून घेतले.

टेकडीच्या माथ्यावर जुना राजवाडा आहे. तिथे बाईंनी सहज विचारले, "इथे राणी राहायची का हो?" झाले! राझाफीने आधी राणीची माफी मागितली, मग तिच्या पणजोबांची, आणि मग कथा सुरू केली. बाई रंगून ऐकत होत्या. मी उन्हात तापत उभी होते आणि माझ्या छपरावरचा सूर्य हळूहळू वर सरकत होता. मित्रांनो, मला हाक मारता येत असती तर मी घसा फोडून ओरडले असते.

राझाफीचे घड्याळाकडे लक्ष गेले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. तो धावत आला आणि त्याने मला सुरू केले. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले. त्याने डबा उघडून पाहिला. आत नुसता वास होता. सकाळपासून माफी पाठ करण्याच्या नादात पेट्रोल भरायचे राहून गेले होते.

त्याने कपाळ धरले आणि बाईंना सगळे सांगितले. पुतण्या, आजोबा, आढ्यावरचा सूर्य, सगळे. आणि खरे सांगते, या वेळी अगदी थोडक्यात सांगितले.

"मुलीचं घर कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"खाली. तळ्याच्या पलीकडे, भातखाचरांच्या कडेला."

"मग बसलात काय? खालीच तर जायचंय!"

राझाफीचे डोळे चमकले. "बसा मादाम. जरा पूर्वेला सरका."

"पूर्व कुठे?"

"तुमच्या खिडकीकडे!" आमच्याकडे डावे-उजवे कुणी म्हणत नाही, गाडीतसुद्धा पूर्व-पश्चिमच चालते.

आणि आम्ही निघालो. माझे ब्रेक तसे बरे आहेत, पण त्या 'तसे'वरच सगळे अवलंबून होते. दगडी फरसबंदीवरून माझा खुळखुळा झाला. वाळत घातलेले कपडे, पायऱ्या, भाजीच्या टोपल्या भराभर मागे पडू लागल्या. माझा भोंगा कधीचा बंद पडला होता. म्हणून राझाफी डोके बाहेर काढून ओरडत होता, "माफ करा! माफ करा हो!" लोक पटापट बाजूला होत होते. त्याची माफी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लगबगीने ऐकली जात होती. ओदीलबाई टोपी घट्ट धरून हसत होत्या. मलाही पुन्हा निळी झाल्यासारखे वाटले.

तळ्याकाठी जॅकरांडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता. तिथे रस्ता सपाट होतो. मी हळू झाले, आणखी हळू झाले आणि थांबले. पुढे भातखाचरांवरून जाणारा छोटासा चढ होता. एरवी तो माझ्या खिजगणतीतही नसतो.

राझाफी सुकाणूवर हात ठेवून तसाच बसून राहिला. "गेलं पोराचं लग्न," तो पुटपुटला.

तेवढ्यात मागचे दार वाजले. ओदीलबाई खाली उतरल्या होत्या. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्या पाठीला दोन्ही हात लावले.

रस्त्याकडेला तांदळाचे आप्पे विकणारी एक बाई बसली होती. ती ओरडली, "अरे राझाफी, लाज वाटत नाही? पाहुणी ढकलते आणि तू राजा बनून बसलास!"

राझाफी ओशाळला आणि उडी मारून उतरला. आप्पेवालीही आली, तिने शेजारणींना हाक मारली. सगळ्यांनी जोर लावला आणि मी तो चढ चढले.

हाइंगुच्या अंगणात मंडळी ताटकळत उभी होती. मिहाजाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आलात एकदाचे!" बाकुली कडाडली. "सूर्य काय तुमच्या घरचा गडी आहे, थांबून राहायला?"

रालाई आजोबा उंबऱ्यात बसले होते. त्यांनी मान वर करून छपराकडे पाहिले. "सूर्याला आढ्यावर यायला चार बोटं उरलीत. बोला."

घामाने निथळणारा राझाफी पुढे झाला. सवयीने त्याच्या तोंडून निघाले, "मी वयाने लहान, अकलेने त्याहून लहान..."

बाकुलीने डोळे मिटून घेतले. मिहाजाने मान खाली घातली.

राझाफी थबकला. त्याने पुतण्याकडे पाहिले, मग दम खात उभ्या असलेल्या ओदीलबाईंकडे पाहिले.

"आजोबा," तो म्हणाला, "माफी मागायला वेळ नाही, त्याची तेवढी माफी असावी. आमच्या मिहाजाला तुमची हाइंगु हवी आहे. आत्ता येताना माझी गाडी चढावर अडली, आणि मी आत बसून राहिलो. ही परकी बाई खाली उतरली. सत्तर वर्षांची बाई. मला लाज वाटली. आमच्या घरात तुमची लेक कधी चढावर अडली, तर आमच्यातला एकही माणूस आत बसून राहणार नाही. माझं बोलणं संपलं."

अंगणातली मंडळी आणखी ऐकायला पुढे सरकली. राझाफीचे बोलणे इतक्यात संपू शकते, यावर बहुधा कुणाचा विश्वास बसत नव्हता.

"माफी गाळलीस. दंड होईल," आजोबा म्हणाले.

"कबूल."

"ही पाहुणी आमच्याकडे जेवून जाईल. हाच दंड. आणि पोरीला बाहेर बोलवा, सूर्य अजून चढता आहे."

मग काय विचारता! बाकुली एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि नवऱ्याला रागावतही होती. ओदीलबाईंना मानाच्या जागी, उत्तरेला बसवले. त्यांच्या यादीतली सात ठिकाणे राहून गेली. त्यांनी वही उघडलीच नाही, भात मात्र दोनदा घेतला.

संध्याकाळी कुणीतरी माझ्या डब्यात पेट्रोल ओतले. तरी मी काही सुरू होईना. मित्रांनो, मी मुद्दाम केले असे राझाफी अजून म्हणतो, पण म्हातारपणी असे होते. आता काय करावे, असा विचार तो करत होता, तोच माझ्या पाठीला हात लागले. एक, दोन, दहा. मिहाजा होता, बाकुली होती, ओदीलबाई होत्या, आणि नव्या बांगड्या घातलेले हाइंगुचे हात होते. काठी टेकत रालाई आजोबाही आले.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे जुने कुणी असेल. गाडी असेल, नाहीतर माणूस असेल. आमचे मागणे फार नसते. उतारावर आम्ही तुम्हाला सुखाने नेऊ. चढ आला की तेवढे खाली उतरा.