पाहुण्याला पाणी

“आई, पाहुण्याला पाणी विचारायचं असतं. धरून पाजायचं नसतं.”

कितीतरी वर्षांपूर्वीचा लेकीचा हा आवाज, पण आईच्या कानात तो अजून सुकला नव्हता. लेकीची कचेरी दुसऱ्या इमारतीत हलली तेव्हा जिन्याखाली कुणीतरी हे मॉन्स्टेराचं रोप टाकून दिलं होतं. लहान मूल आणावं तसं पोरीने ते कडेवर घेऊन घरी आणलं. दोनच पानं, तीही मान टाकलेली. नाव ठेवलं पाहुणा. पाणी विचारायचं म्हणजे मातीत बोट घालायचं, चांगलं खोलवर. बोट कोरडं निघालं तर पाहुणा ‘हो’ म्हणाला. माती चिकटून आली तर ‘नको’ म्हणाला. त्याच्या ‘नको’चा मान ठेवायचा, हे पोरगी पुन्हापुन्हा बजावायची.

पाहुणा आला तो पाय पसरून राहिला. आधी शिवणयंत्रामागचा कोपरा घेतला, मग खिडकी घेतली, मग काथ्या गुंडाळलेल्या खांबावरून चढत चढत छताला डोकं टेकवलं. पानं सुपाएवढी, कडा फाटलेल्या. आईचं काम कपडे दुरुस्तीचं. नवं पान उलगडलं की ती म्हणायची, “आलं बाई आणखी एक फाटकं. आता ह्याला रफू कोण करणार?” आणि लेक आतल्या खोलीतून हसायची.

लेक गेली आणि घरात पाहुणा तेवढा उरला.

पोरीच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसभराचं पाणी सकाळी एका बाटलीत भरायचं, ते संपलं की घोटभरही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जास्तीचं पाणी बाहेर पडणार नाही, छातीत उतरेल. बाटली सांभाळायचं काम आईकडे आलं. बापाकडे कसं देणार? तो पाणीखात्यात चावीवाला. लांबलचक लोखंडी चावीने रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि गल्लोगल्ली पाणी सोडायचं, हे त्याचं जन्माचं काम. तो नुसता वळणावर दिसला तरी लोक बादल्या मांडायचे. साऱ्या गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाची लेक घरात बर्फाचा खडा चोखत दुपार ढकलत होती. आणि अशा माणसाचा हात पाण्याला ‘नाही’ म्हणायला शिकलेलाच नव्हता, हे आईला ठाऊक होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई खोलीत आली तर पोरगी कुंडीपाशी उभी, झाडाची झारी तोंडाला लावलेली. आईने झेप घेऊन झारी हिसकावली. होतं नव्हतं ते पाणी फरशीवर सांडलं. पोरगी त्या ओलीकडे बघत राहिली. मग तडकलेल्या ओठांनी हसली.

“झारीतली शुक्राचार्य झालीस गं, आई.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

छातीत पाणी भरलं, असं डॉक्टर म्हणाले. आईला ते कधी पटलं नाही. जिच्या नरड्याखाली धड घोट उतरू दिला नाही, तिच्या छातीत पाणी येणार कुठून? डॉक्टरांचं काय, काहीतरी सांगावं लागतं. आईच्या लेखी गोष्ट सरळ होती. पोर तहानलेली गेली, आणि तिला तहानलेली ठेवली ती आपण. नवरा यावर चकार शब्द काढत नव्हता. त्याचं ते गप्प बसणं आईला बोट दाखवल्यासारखं वाटायचं. बोलला असता, भांडला असता, तर बरं झालं असतं. पण घरात लेकीचं नावच निघत नव्हतं.

मग आईने पाहुण्याला ‘नको’ म्हणू देणं सोडून दिलं. मातीत बोट घालायचं कशाला? एकीची तहान विचारली, ऐकली आणि दिलं नाही, तेवढं पुरे. नवरा चावी खांद्यावर टाकून सकाळी बाहेर पडला की ती झारी भरायची. त्याच्यादेखत झारीला हात लावायची तिला चोरी होती. त्या झारीकडे तो कसा बघेल, ही धास्ती. पाणी घालून झालं की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, तापल्या अंगाचं कपाळ पुसावं तशी. पुसताना तिच्या आईची एक ओवी ओठांवर यायची:

पाहुणा आला दारी, त्याला पाणी विचारावं,
तहान ज्याची त्याची, आपण कशाला मोजावं.

पहिली ओळ सुटायची. दुसरी गाळून ती पुढचं पान पुसायची.

आणि इतकं करून पाहुणा खंगत चालला. खालची पानं पिवळी पडली, देठ लिबलिबीत झाले, कुंडीवर चिलटं घोंगावू लागली. सकाळी पानांच्या टोकांना थेंब लटकलेले दिसायचे. रडतोय बिचारा, तहानलाय, असं वाटून आई झारी आणखी काठोकाठ भरायची. हा पण हातचा जाणार, या भीतीने ती यंत्रावर बसली तरी सुई नेमकी बोटात घुसायची.

तशात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, जिभेला हाड नाही पण पोटात माया. दारातच नाक मुरडून म्हणाल्या, “वहिनी, हा पाहुणा आहे की घरजावई? हलायचं नाव नाही, वर वास मारतोय.” मग जवळ जाऊन त्यांनी मातीत बोट खुपसलं आणि हसू गिळलं. बोटाला चिखल लागला होता. खालची ताटली तुडुंब होती.

“कोण दुष्मन पाणी पाजतोय गं याला? मुळावरच उठलंय कुणीतरी.”

आई म्हणाली, एक झारी घालते, तीही सकाळची. वन्संना ते खरं वाटलं नाही. एका झारीने असा चिखल होत नसतो, म्हणाल्या. झाड बाहेर काढा, कुजलेली मुळं छाटा, काही टणक उरलं असेल तर कोरड्या मातीत लावा, नाहीतर त्याच्यावर पाणी सोडा. बोलून गेल्या आणि आपल्याच शब्दाने ओशाळल्या. चहा न घेताच निघाल्या.

नवऱ्याच्या सुटीच्या दिवशी दोघांनी फरशीवर जुना पडदा अंथरला आणि पाहुण्याला आडवं केलं. एकाने खांद्याला धरावं, दुसऱ्याने पायाला, तसं. दोघांनाही तेच आठवलं, दोघांनीही नजर चुकवली. कुंडी निघाली तसा कुबट वास खोलीभर झाला. मुळं काळी पडली होती. चिमटीत धरली की वरचं साल बाहीसारखं सरकून यायचं आणि आत दोऱ्याएवढी शीर उरायची.

कापडाची कात्री आई कागदालाही लावू देत नसे. तीच कात्री तिने उचलली आणि मुळं छाटायला लागली. छाटता छाटता खोडापर्यंत आली. खोडही आतून तपकिरी. वर, पार वर, एका पेरापाशी हिरवं टणक लागलं. तिथून एक हवेतलं मूळ फुटलेलं, एक पान. बाकी पाहुणा संपला होता.

“एकच झारी घालते हो मी,” ती म्हणाली. “तुम्ही गेल्यावर.”

नवरा खोड धरून बसला होता.  खाली बघत म्हणाला, “मी संध्याकाळी घालतो. तू कपडे पोचवायला जातेस तेव्हा.”

कात्री थांबली. एका कुंडीवर दोघं, एकमेकांना चोरून.

“मी तिला दिलं नाही, म्हणून याला देत होते,” आई म्हणाली. “तुम्ही का?”

त्याने मातीचे हात पडद्याला पुसले, पुन्हा पुसले. त्याचा आवाज आला तो गंजलेला व्हॉल्व्ह फिरावा तसा, अडत, करकरत.

“झारी हिसकावलीस आणि फरशी तशीच टाकून तू औषधं आणायला गेलीस. मी कामावरून आलो तर पोरगी खाली बसलेली. त्या ओलीत बोटं बुडवून ओठांना लावत होती. म्हणाली, साऱ्या गावाला सोडता, मला एक झारी सोडा ना, बाबा.”

आईने ते एवढंसं हिरवं पेर पदरात घेतलं.

“मी भरून दिली. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. छातीतलं पाणी माझंच होतं. पण पोर तहानलेली नाही गेली गं.”