मध्ये बोलायचं नाही

भाचीने गोळ्यांची आठवण करून देणारं यंत्र बनवलं होतं आणि त्याचं तिला भारी कौतुक होतं. ते एकाच वेळी बोलायचं, गोळीचं चित्र दाखवायचं, खाली अक्षरं पळवायचं, शिवाय माणसाचं उत्तरही ऐकायचं. दुपारी तिच्या ऑफिसचे साहेब चाचणी बघणार होते. वयस्कर माणसाला झेपलं नाही तर बोलणं काढून नुसती बटणं ठेवायची, असं त्यांनी बजावलं होतं. भाचीची दोन वर्षं त्या बोलण्यातच गेली होती.

चाचणीला तिने सख्खी मावशी आणली. मावशीची उभी हयात टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. कान तिखट, जीभ त्याहून तिखट.

सकाळच्या तालमीत यंत्राची टकळी सुरू झाली आणि मावशी ढिम्म बसून राहिली. पाचव्यांदा विचारून झाल्यावर पडद्यावर आलं, 'प्रतिसाद नाही'. भाचीने मावशीला विचारलं, अगं, बोलत का नाहीस?

"बोलू कधी? समोरचा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, ही माझी चौतीस वर्षांची सवय. हा बाबा श्वास तरी घेतो का? कानात एक, डोळ्यांपुढे दुसरं. आम्ही एका वेळी एकच गोष्ट विचारायचो आणि थांबायचो. मग फोनवरच्या माणसाचं उत्तर त्यालाच म्हणून दाखवायचो."

भाचीला आधी मावशीचा राग आला, मग स्वतःचा. जेवणावर पाणी सोडून तिने पळती अक्षरं उडवली. आधी चित्र, मग एक वाक्य, मग गप्प. किती गप्प, ते मावशीने टेबलावर बोट आपटून मोजून दिलं. उत्तर आलं की ते परत म्हणायचं, हेही घातलं.

दुपारी साहेब आले आणि मावशीची पाठ नेमकी तेव्हाच धरली. तिने साहेबांनाच खुर्चीत बसवलं. समोर यंत्र, शेजारी गोळी घेतल्यावर दाबायची, त्यांची लाडकी बटणं. यंत्राने निळी गोळी दाखवली, "ही घ्या" म्हटलं आणि थांबलं. साहेबांनी साखरेची ती गोळी तोंडात टाकली आणि बटणांचे फायदे सांगू लागले. यंत्र निमूट ऐकत राहिलं. साहेब दमल्यावर म्हणालं, "बटणं बरी, असं म्हणालात. गोळी घेतलीत का?"

"घेतली की."

"घेतली म्हणालात. नोंद केली."

साहेब खूश होऊन उठले. मावशीची पाठ आता बरी झाली होती.

"साहेब," ती म्हणाली, "बटण दाबायचं राहिलंच की तुमचं."