लेबलावरचे आजोबा

“आणि हे आमचे आजोबा,” बाटली उंच धरून तिने लेबल सगळ्यांना दाखवले. “या मळ्यातली पहिली वेल यांनी लावली. लोक म्हणाले, या खडकात द्राक्षं यायची नाहीत. आजोबा म्हणाले, बघू.”

पर्यटकांचा घोळका हसला. या वाक्याला घोळका नेहमीच हसतो. आज मात्र घोळक्याच्या मागे, पिशवी पोटाशी धरून, तिची आई उभी होती. आणि लेबलावरचा तो भरघोस पांढऱ्या मिशांचा माणूस कुणाचाच आजोबा नव्हता. तो तिचा बाप होता.

वाइनरी काढली शहरातल्या भागीदारांनी. जमीन विकत घेतली, वेली रोपवाटिकेतून आणल्या, टाक्या बाहेरून मागवल्या. सगळे जमले, फक्त जुनेपण कुठे विकत मिळेना. जाहिरातवाला म्हणाला, वाइनला घराणं लागतं. मग एक फोटोग्राफर आला आणि टाक्या धुणाऱ्या माणसाच्या मिशा बघून जागीच थबकला. बापाला कुणाचा तरी लोकरी कोट चढवला, हातात पेला दिला, उन्हाकडे तोंड करून खुर्चीत बसवले. संध्याकाळी कोट काढून घेतला. घरी येऊन त्याने ती हकिगत इतकी रंगवून सांगितली, की हसता हसता आईला ठसका लागला.

“पण पेल्यात काय होतं?” मुलीने विचारले.

“रंगाचं पाणी. दुसरं काय असणार?” बापाने जन्मात थेंबाला शिवले नव्हते.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. ऐन हंगामात तो टाकी धुवायला आत उतरला. रस आंबताना एक वायू सुटतो. तो दिसत नाही, तळाशी साचून राहतो, आणि आतल्या माणसाचे डोळे जड होत जातात. आधी हवा खेळवायची आणि मगच उतरायचे, असा नियम होता. पण द्राक्षे भरलेले ट्रॅक्टर दारात खोळंबले होते आणि मुकादमाने घाई लावली होती. बाप गेला, लेबल राहिले. चेहरा आता गिऱ्हाइकांच्या ओळखीचा झालाय, असे मोठे साहेब म्हणाले. मुलीला त्यांनी गाइडची नोकरी दिली. उपकारही झाला आणि तोंडही बंद झाले.

आई त्या दिवसापासून इकडे फिरकली नव्हती. आता ती थोरल्या मुलाकडे कायमची राहायला निघाली होती, आणि निघण्याच्या आदल्या सकाळी म्हणाली, “एकदा बघू दे तरी, दिवसभर तिथे काय बोलतेस ते.” मुलीने हजार सबबी सांगितल्या. आईने तोवर चपला घातल्या होत्या.

टाक्यांच्या दालनात गारठा होता. चकचकीत पोलादी टाक्या छतापर्यंत गेलेल्या. ती तापमानाबद्दल सांगत असताना एका चष्मेवाल्याने विचारले, “या साफ कशा करता? माणूस आत उतरतो की काय?”

“आता सगळं यंत्रानं होतं,” ती म्हणाली. हे खरे होते. ‘आता’वर जोर द्यायचा नसतो, तो तिने दिला नाही.

लोक माना वर करून फोटो काढत होते. आई वाट काढत तिच्याजवळ आली.

“कुठली?”

“आई, नंतर सांगते.”

“नुसती दाखव.”

तिने हनुवटीने कोपऱ्यातली टाकी दाखवली. आई तिकडे गेली. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने टाकीवर तळहात ठेवला, आणि ठेवूनच उभी राहिली.

“मावशी, तिथे हात नाही लावायचा,” दारातून मॅनेजर म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. आईने हात काढला. पोलादावर त्याचा दमट ठसा उमटला होता; तो पुसावा की नाही, हे न कळून तिने इकडेतिकडे पाहिले.

चाखायच्या खोलीत लांब टेबल होते. प्रत्येकापुढे पेला. इथे गोष्टीचा उरलेला भाग सांगायचा असे. आज तो गाळून टाकावा, असे सकाळपासून तिच्या मनात घोळत होते. पण मॅनेजर येऊन शेवटच्या खुर्चीत बसला, आणि तिचे पोट हातावर नव्हते, जिभेवर होते.

“आजोबा नव्वद वर्षं जगले,” तिने सुरुवात केली. आईकडे बघायचे टाळले. “सूर्य कलला, की व्हरांड्यात बसायचे. याच वाइनचा एक पेला घ्यायचे आणि सगळ्यांना सांगायचे, घाई करू नका रे. घाईत केलेली वाइन आणि घाईत केलेलं लग्न, दोन्ही आंबट.”

हशा पिकला.

“मजेत जगला राव माणूस,” लाल शर्टवाला म्हणाला. “गेले कसे?”

“झोपेत.”

गोष्टीत तसेच लिहून दिले होते. इतकी वर्षे ती हा शब्द बोलत आली होती.

“असं मरण यायला नशीब लागतं,” लाल शर्टवाल्याची बायको म्हणाली आणि तिने आपला पेला आईपुढे सरकवला. “घ्या ना मावशी. आजोबांच्या नावानं.”

आईने पेला उचलला, नाकाशी नेला. बराच वेळ हुंगत राहिली.

“मावशींना जमतंय की,” चष्मेवाला म्हणाला. “कसला वास येतोय? फळाचा? लाकडाचा?”

“ओळखीचा आहे,” आई म्हणाली. “आमच्या ह्यांच्या कपड्यांना यायचा. कितीही धुवा, जायचा नाही.”

“म्हणजे मिस्टर शौकीन होते,” तो डोळा मिचकावत म्हणाला.

आईने पेला होता तसा खाली ठेवला.

घोळका बाटल्या विकत घ्यायला पांगला, तशी मुलगी तिला बाहेर पायरीवर घेऊन आली.

“आई, मला बोलावंच लागतं ते.”

“मी कुठे काय म्हटलं? छान बोलतेस. अडखळत नाहीस कुठे.” आई पायांतली चप्पल नीट करत राहिली. “त्या म्हाताऱ्याला बायको होती का गं?”

“गोष्टीत नाहीये बायको.”

“नाही?” आईने मान हलवली. “सुटली मग.”

मुलीला काहीतरी बोलायचे होते, पण आतून मॅनेजरने हाक मारली. पुढची बस आली होती. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, “जा, लोक थांबलेत,” म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली.

फाटकाजवळच्या भिंतीवर बापाचे चित्र दोन पुरुष उंच रंगवलेले होते: कोट, पेला, उन्हात बारीक केलेले डोळे. आई त्यासमोर थांबली. मान वर करून बघत राहिली. घरात त्यांचा असा हसरा फोटो एकही नव्हता.

बसमधून उतरलेल्या कुटुंबाने तोवर भिंतीपाशी पोरांना उभे केले होते. फोन धरलेला पोरांचा बाप जरा मागे सरकला, पुन्हा मागे सरकला, आणि शेवटी म्हणाला, “मावशी, जरा बाजूला होता का? आजोबा झाकले जातायत.”

“हो, हो,” आई म्हणाली, आणि पिशवी सावरत बाजूला झाली.